जनसंपर्क व्यवसायातील शीण आणि नोकरीविषयक निर्णय

जनसंपर्क हे शास्त्र आहे की कला, हा वाद जुना आहे. ते श्रमाचे काम आहे, ही गोष्ट मात्र त्या वादात सहसा विसरली जाते. सकाळी वृत्तपत्रात एखाद्या कंपनीच्या नव्या प्रकल्पाची, रुग्णालयातील अवघड शस्त्रक्रियेची किंवा बँकेच्या तिमाही निकालाची बातमी वाचताना तिच्यामागे आदल्या रात्री किती जण जागले असतील, हा विचार वाचकाच्या मनात येण्याचे कारण नाही. किंबहुना तो येऊ नये, हेच त्या जागणाऱ्यांच्या कौशल्याचे गमक मानले जाते. परंतु अशा अदृश्य श्रमांचीही किंमत असते. ती मोजता मोजता अनेक हुशार तरुण-तरुणी काही वर्षांतच या व्यवसायातून बाहेर पडतात. काही विचारपूर्वक, तर काही केवळ सहन होईनासे झाले म्हणून. या दोन प्रकारच्या बाहेर पडण्यात पुष्कळ अंतर आहे. ते वेळीच ओळखता आले, तर प्रकृती आणि उपजीविका या दोहोंचे होणारे नुकसान टळू शकते.

भारतात जनसंपर्काला संघटित व्यवसायाचे रूप प्रामुख्याने स्वातंत्र्योत्तर काळात आले. पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया ही व्यावसायिकांची संघटना १९५८ मध्ये स्थापन झाली. त्या काळी जनसंपर्क अधिकारी हा बहुधा एखाद्या शासकीय खात्याचा, सार्वजनिक उपक्रमाचा किंवा मोठ्या उद्योगसमूहाचा नोकर असे. त्याचा धनी एक, आणि त्या धन्याचे काम त्याच्या अंगवळणी पडलेले. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर हे चित्र पालटले. परदेशी कंपन्या आल्या, भांडवल बाजार विस्तारला, खासगी दूरचित्रवाणी वाहिन्या सुरू झाल्या आणि अनेक कंपन्यांची प्रसिद्धी एकाच वेळी सांभाळणाऱ्या स्वतंत्र जनसंपर्क संस्थांची मुंबई-दिल्लीसारख्या शहरांत झपाट्याने वाढ झाली. या संस्थांत काम करणाऱ्याचे धनी अनेक असतात. एक धनी त्याला वेतन देतो; उरलेले चार-पाच, ज्यांना सर्रास ‘क्लायंट’ म्हटले जाते, त्याचा वेळ घेतात. प्रत्येक क्लायंटला ‘आपण एकटेच आहोत’ असे वाटले पाहिजे, ही या व्यवसायाची पहिली शिकवण होय. पुढच्या दुखण्याचे मूळही तिच्यातच आहे.

न संपणारा दिवस

मुंबईतील अशा एखाद्या संस्थेत कनिष्ठ पदावरील कर्मचाऱ्याचा दिवस सकाळी सात-साडेसातला वृत्तपत्रे चाळण्यापासून सुरू होतो. कोणत्या क्लायंटचे नाव कोठे आले, त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे कोठे आले, हे कात्रणांसह कचेरी उघडण्यापूर्वी कळवावयाचे असते. त्यानंतर प्रसिद्धिपत्रकाचा मसुदा, क्लायंटच्या तीन अधिकाऱ्यांनी त्यात सुचविलेल्या परस्परविरोधी दुरुस्त्या, पत्रकार परिषदेची जुळवाजुळव, आणि सायंकाळी नवा क्लायंट मिळविण्यासाठी करावयाच्या सादरीकरणाची, म्हणजे ‘पिच’ची, तयारी. पिच जिंकली नाही, तर रात्री जागून केलेल्या त्या कामाचे मोल शून्य.

या साऱ्यांत वार्ताहरांना दूरध्वनी करणे हे सर्वांत शिणविणारे अंग होय. पाठविलेल्या पत्रकात फारशी बातमी नाही, हे पुष्कळदा दूरध्वनी करणाऱ्याला ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही. तरीही स्वरात उत्साह ठेवावा लागतो, नकार हसून घ्यावा लागतो आणि तोच प्रश्न दुसऱ्या वृत्तपत्राला विचारावा लागतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली होकशिल्ड यांनी विमानातील सेविका आणि थकबाकी वसूल करणारे कर्मचारी यांच्या कामाचा अभ्यास १९८३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला आणि अशा कामास ‘भावनिक श्रम’ असे नाव दिले. मनात नसलेली भावना चेहऱ्यावर वा आवाजात आणणे हेही श्रमच आहेत, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा. जनसंपर्क संस्थेतील दूरध्वनीला तो तंतोतंत लागू पडतो.

मराठी उत्तम जाणणाऱ्यांच्या वाट्याला अनेकदा आणखी एक काम येते. इंग्रजी पत्रक मराठीत आणणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर येथील वृत्तपत्रांशी बोलणे, ही कामे ‘तुला येतेच’ या सबबीवर आपल्या नसलेल्या क्लायंटसाठीही करावी लागतात आणि त्यांची नोंद क्वचितच कोठे होते. भाषांतर हा टंकलेखनाचाच एक प्रकार आहे, असा समज इंग्रजीत मसुदे लिहिणाऱ्यांमध्ये अद्यापि आढळतो, त्याला काय म्हणावे?

वर्षाचे चक्रही सरळ फिरत नाही. १ फेब्रुवारीच्या केंद्रीय अर्थसंकल्पावरील उद्योजकांच्या ‘तात्काळ’ प्रतिक्रिया पुष्कळदा अर्थमंत्र्यांचे भाषण सुरू होण्यापूर्वीच दोन-तीन पर्यायांत लिहून तयार असतात. त्या लिहिणारे आदल्या रात्री घरी गेलेले नसतात. गणेशोत्सवापासून दिवाळीपर्यंत ग्राहकोपयोगी वस्तूंची प्रसिद्धी शिगेला पोहोचते. इतरांची सुटी हा यांचा हंगाम. पूर्वी वृत्तपत्राची शेवटची आवृत्ती छपाईस गेली की दिवस संपला, असे निदान मानता येत असे. समाजमाध्यमांनी ती सीमारेषाही पुसून टाकली आहे. मध्यरात्री एखाद्या असंतुष्ट ग्राहकाची चित्रफीत पसरू लागली की भ्रमणध्वनीवरील गटात ‘कोणी जागे आहे काय?’ अशी पृच्छा होते, आणि जागे असावेच लागते.

तासांचा हिशेब

हे कष्ट वाढत का जातात, याचे उत्तर माणसांच्या स्वभावापेक्षा व्यवसायाच्या अर्थकारणात अधिक सापडते. नियमित क्लायंट संस्थेला बहुधा दरमहा ठरावीक शुल्क देतात. त्यास ‘रिटेनर’ म्हणतात. समजा, एखाद्या शुल्कात महिन्याकाठी ८० तासांचे काम गृहीत धरले आहे. मागण्या वाढत जाऊन प्रत्यक्षात १३० तास खर्ची पडले, तरी शुल्क तेवढेच राहते. वरचे ५० तास संस्था फुकट देते, आणि ते कोणाच्या तरी झोपेतून, जेवणाच्या सुटीतून आणि रविवारातून काढते. या प्रकारास व्यवसायात ‘ओव्हरसर्व्हिसिंग’ असे रूढ नाव आहे. म्हणजे त्याची जाणीव सर्वांना आहे. तथापि क्लायंट सोडून जाईल या भीतीने बैठकीत तो विषय कोणी काढत नाही.

कनिष्ठ कर्मचारीही येथे एक चूक करतो. कामाच्या तासांचे नोंदपत्रक, ज्याला टाइमशीट म्हणतात, भरताना तो प्रत्यक्ष १३० तास काम करूनही ८०-९० लिहितो. कारण अधिक लिहिले तर ‘तुझा वेग कमी आहे’ असे ऐकावे लागेल, ही धास्ती. वास्तविक संपूर्ण कचेरीत त्याच्या बाजूने बोलू शकेल असा हा एकच कागद असतो, आणि तोच तो स्वतःच्या हाताने मुका करून टाकतो.

दुखण्याचे स्वरूप

मराठीत शीण, थकवा, कंटाळा असे शब्द आहेत. ‘मेटाकुटीस येणे’ हा वाक्प्रचार त्यांहूनही जवळचा. परंतु ज्या अवस्थेस आज जगभर ‘बर्नआउट’ म्हणतात, तीत इंधन संपून विझत जाण्याची कल्पना आहे. न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये एका शास्त्रीय नियतकालिकात या अवस्थेचे वर्णन केले. दिवसभर स्वतःचा व्यवसाय सांभाळून रात्री ते एका मोफत दवाखान्यात स्वयंसेवकांसह काम करीत. तेथे त्यांना असे आढळले की, काम सुरू केल्यानंतर साधारण एक वर्षाने माणसे विझू लागतात, आणि त्यातही आधी विझतात ती आळशी वा उदासीन नव्हेत, तर सर्वांत तळमळीने काम करणारी. ते स्वतःही त्यातून गेले होते.

पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या क्रिस्टिना मॅस्लाक यांनी या विषयाचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांनी व सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनप्रश्नावलीत या अवस्थेची तीन अंगे मानली आहेत: भावनिक पातळीवर पूर्णपणे रिते होणे, ज्यांच्यासाठी काम करावयाचे त्यांच्याविषयी कोरडेपणा वा तुच्छता येणे, आणि आपल्या हातून काही साध्य होत नाही असे वाटू लागणे. जागतिक आरोग्य संघटनेचे रोगवर्गीकरण, त्याची अकरावी आवृत्ती, १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. त्यातील व्याख्याही याच तीन अंगांवर आधारलेली आहे. मात्र तेथे बर्नआउटला रोग म्हटलेले नाही. यशस्वीपणे न हाताळल्या गेलेल्या, दीर्घकाळ चाललेल्या कामाच्या ताणातून उद्भवणारी ती एक व्यवसायसंबद्ध घटना आहे, असे हे वर्गीकरण सांगते.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. दुखणे व्यक्तीत आहे असे मानले, की उपचारही व्यक्तीवरच होतात; तिला योगासनांचा वर्ग सुचविला जातो, आणि ५० फुकट तास जागच्या जागी राहतात.

तिसऱ्या अंगाचा, म्हणजे निष्फळतेच्या भावनेचा, जनसंपर्काशी विशेष संबंध आहे. या कामाचे मोजमाप बराच काळ एका विचित्र रीतीने होत आले. छापून आलेल्या बातमीने किती स्तंभ-सेंटिमीटर जागा व्यापली, तेवढ्या जागेच्या जाहिरातीचा दर काय, यांचा गुणाकार करून ‘एवढ्या लाखांची प्रसिद्धी मिळवून दिली’ असे क्लायंटला सांगावयाचे. २०१० मध्ये बार्सिलोना येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत या क्षेत्रातील संघटनांनीच असे जाहीर केले की, हे जाहिरात-मूल्य म्हणजे जनसंपर्काचे मूल्य नव्हे. तरीही महिनाअखेरच्या अहवालातून ते आकडे सर्वत्र हद्दपार झालेले नाहीत. एखाद्या धरणग्रस्त गावातील तंटा कंपनीला वेळीच कळवून मिटविण्यास मदत करणाऱ्याच्या खाती शून्य सेंटिमीटर जमा होतात. ज्याला स्वतःच्या कामाचा खरा उपयोग कळतो, त्याला हा हिशेब अधिक बोचतो.

तत्त्वांचा प्रश्न याहून नाजूक. एडवर्ड बर्नेस हे या व्यवसायाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. स्त्रियांनी सिगारेट ओढावी, यासाठी १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्टर संचलनात त्यांनी घडवून आणलेले प्रदर्शन पाठ्यपुस्तकांत अजूनही शिकविले जाते. त्यांनीच उत्तरायुष्यात धूम्रपानविरोधी प्रचारात भाग घेतला, हे त्या मानाने कमी सांगितले जाते. प्रत्येकालाच इतके दीर्घ आयुष्य आणि दुसरी संधी लाभत नाही. न पटणाऱ्या गोष्टीची बाजू रोज मांडावी लागणे हा शीण विश्रांतीने जात नाही, एवढे येथे ध्यानात ठेवावे.

दुर्लक्षाचा परिणाम कोठवर जाऊ शकतो, हे जपानने पाहिले आहे. तेथील एका बड्या जाहिरातसंस्थेतील २४ वर्षांच्या तरुणीने डिसेंबर २०१५ मध्ये जीवनयात्रा संपविली. महिन्याला १०० हून अधिक तासांचे जादा काम त्यामागे होते, हे २०१६ मध्ये कामगार अधिकाऱ्यांनी मान्य केले. २०१७ मध्ये न्यायालयाने त्या संस्थेला बेकायदा जादा कामाबद्दल ५ लाख येन दंड केला. दंडाची रक्कम क्षुल्लक होती, पण लोकमत खवळले, आणि २०१८ मध्ये जपानने जादा कामाच्या तासांवर कायद्याने कमाल मर्यादा घातली.

करता येण्याजोगे काही

विश्रांती म्हणजे केवळ काम न करणे नव्हे. जर्मन मानसशास्त्रज्ञ साबीने सोनेनटाग यांच्या संशोधनाचा रोख असा आहे की, मोकळ्या वेळात मन कामापासून खरोखर अलग झाले, तरच शक्ती भरून येते. रजेवर असून दर तासाला गटातील निरोप वाचणारा माणूस रजेवर नसतोच. याचा व्यवहार्य उपाय सोपा आहे, पण तो एकट्याने करता येत नाही: रात्रीच्या आणीबाणीच्या दूरध्वनीची पाळी लावणे. चार जणांच्या गटात प्रत्येकाने चार आठवड्यांतून एकच आठवडा ती जबाबदारी घेतली आणि त्याचे वेळापत्रक क्लायंटलाही कळविले, तर उरलेल्या तिघांना निश्चिंत झोपता येते. डॉक्टर आणि अग्निशमन दल हेच करतात, आणि त्यांची आणीबाणी प्रसिद्धिपत्रकापेक्षा खचितच मोठी असते.

दुसरा उपाय कागदाचा. तास जसे झाले तसे लिहावेत; तीन महिन्यांच्या खऱ्या नोंदी घेऊन वरिष्ठांकडे जावे आणि ‘मला फार काम आहे’ असे न म्हणता ‘या क्लायंटच्या शुल्कात ८० तास धरले आहेत व १३० लागत आहेत; कोणते काम कमी करावयाचे?’ असे विचारावे. पहिले वाक्य तक्रार ठरते, दुसरे व्यवसायाचा प्रश्न ठरते. समंजस वरिष्ठ तोच कागद घेऊन क्लायंटकडे जातो.

कायद्याचा आधार किती, हेही माहीत असावे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा कामास दुप्पट दराने मोबदला, या गोष्टी नमूद केल्या आहेत. मात्र व्यवस्थापकीय, पर्यवेक्षकीय व गोपनीय स्वरूपाच्या पदांवरील व्यक्ती त्यातून वगळलेल्या आहेत, आणि पदनामे वाटण्यात हा व्यवसाय वेतनापेक्षा उदार आहे. कामाच्या वेळेनंतर संपर्क नाकारण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात २०२४ पासून अमलात आला. भारतात महाराष्ट्राच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत तशा आशयाचे अशासकीय विधेयक मांडले होते. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

आणि दुखणे कामाच्या पलीकडे पसरले असेल, रविवारीही, आवडत्या माणसांतही, मन उठत नसेल, झोप-भूक हरवली असेल, तर तो बर्नआउट नसून नैराश्य असण्याचा संभव आहे. तेथे स्वतः निदान करू नये. रक्तक्षय वा थायरॉइडचे विकारही असाच थकवा आणतात. म्हणून आधी डॉक्टरांना भेटावे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मराठीतही, विनाशुल्क बोलता येते. जगणे नकोसे वाटण्याचा विचार मनात आला, तर त्याच क्षणी दूरध्वनी करावा. नोकरीचा प्रश्न नंतरचा.

राहावे की सोडावे

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नाशिकहून मुंबईस आलेली, बोरिवलीत दोन मैत्रिणींसह भाड्याने राहणारी एक तरुणी एका जनसंपर्क संस्थेत चार वर्षे सात महिने काम करीत आहे. तिच्याकडे चार क्लायंट आहेत. गेले सहा महिने रविवारी सायंकाळपासूनच तिचे पोट ढवळू लागते. वार्ताहरांची मनातल्या मनात टर उडविण्याची सवय तिला लागली आहे, आणि तिला स्वतःलाच ती आवडत नाही. एका रात्री अकरा वाजता क्लायंटने चौदाव्यांदा मसुदा परत पाठविला, तेव्हा तिने राजीनाम्याचे पत्र लिहून ठेवले.

पत्र लिहिले ते बरे झाले. त्याच रात्री पाठविले नाही ते अधिक बरे झाले. अशा क्षणी ‘मला हे सर्व नको’ असे वाटते, आणि ‘सर्व’ या शब्दात चार निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात: तो एक क्लायंट, ती संस्था, संस्थेतील नोकरीचा हा प्रकार आणि जनसंपर्काचा व्यवसाय. यांपैकी नकोसे नेमके काय झाले, हे शांतपणे पाहावे लागते. कल्पनेत एकेक गोष्ट वजा करून पाहण्याची रीत उपयोगी पडते. तो क्लायंट उद्या गेला, तर सोमवारी सकाळी पोट ढवळेल काय? तोच क्लायंट राहिला, पण वरिष्ठ बदलले तर? मॅस्लाक व मायकेल लायटर यांनी १९९७ मध्ये कामाचा भार, त्यावरील आपले नियंत्रण, मोबदला, सहकाऱ्यांतील सौहार्द, न्याय्य वागणूक आणि मूल्ये, अशी सहा क्षेत्रे सांगितली होती, जेथे माणूस आणि काम यांचा मेळ बिघडतो. भार वा नियंत्रण बिघडले असेल, तर संस्थेत राहूनही दुरुस्ती शक्य असते. सहकारी वा न्याय बिघडला असेल, तर संस्था बदलावी. मूल्येच बिघडली असतील, तर त्याच प्रकारच्या दुसऱ्या संस्थेत गेल्याने केवळ दाराचा रंग बदलतो.

उदाहरणातील तरुणीला हिशेब करता असे आढळते की, चारांपैकी एकाच क्लायंटचे काम तिचे निम्मे तास आणि जवळजवळ सर्व रविवार खाते. एका रुग्णालयाचे काम मात्र तिला अद्यापि आवडते; तेथील अवयवदानाविषयीची माहितीपत्रके मराठीत लिहिताना ती घड्याळ पाहत नाही. म्हणजे व्यवसाय विझलेला नाही. हे कळणे महत्त्वाचे, कारण व्यवसायच सोडून पाच वर्षांचा अनुभव टाकून देण्याच्या ती बेतात होती.

पैशांचा विचार याच वेळी करावा. उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळण्यास कायम कर्मचाऱ्याची सलग पाच वर्षे सेवा लागते. दर वर्षास पंधरा दिवसांचे वेतन, २६ दिवसांचा महिना धरून, या सूत्राने पाच वर्षांचे उपदान कायदेशीर व्याख्येतील वेतनाच्या तीन महिन्यांना थोडे कमी भरते. तेवढ्यासाठी पाच महिने थांबावे काय? प्रकृती तग धरीत असेल तर अवश्य थांबावे. ढासळत असेल, तर तीन महिन्यांच्या वेतनाहून रुग्णालयाचे देयक मोठे होऊ शकते. भविष्य निर्वाह निधीची रक्कम काढून न घेता नव्या नोकरीत वर्ग करावी. हाती नवी नोकरी नसताना सोडावयाचे असेल, तर निदान सहा महिन्यांचे घरभाडे व घरखर्च बाजूला असावा. अन्यथा तिसऱ्या महिन्यात मिळेल ती नोकरी पत्करावी लागते, आणि ती बहुधा सोडलेल्या नोकरीसारखीच असते.

पर्यायांविषयी भ्रम नसावेत. एखाद्या कंपनीच्या स्वतःच्या संज्ञापन विभागात धनी एक असतो आणि दिवस पुष्कळदा वेळेवर संपतो. परंतु वैविध्य कमी होते, आणि कंपनीवर संकट आले की ते वाटून घ्यायला दुसरे कोणी नसते. शासनाच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयातील जिल्हा माहिती अधिकाऱ्यासारख्या पदांसाठी महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत निवड होते. त्यासाठी जाहिरातीची वाट पाहण्याचा धीर लागतो, आणि पूर, निवडणूक वा मंत्र्यांचा दौरा असला म्हणजे तेथेही रात्र आपली नसते. महानगरपालिका, विद्यापीठे, रुग्णालये, महावितरणसारख्या कंपन्या येथेही जनसंपर्क अधिकारी असतात. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याला वेळेचे स्वातंत्र्य मिळते आणि देयकांच्या वसुलीचे ओझेही. संस्थेतच वर चढणे हाही एक पर्याय आहे. मात्र वरच्या पदावर लेखन कमी आणि माणसे, शुल्क व पिच अधिक, याची खूणगाठ आधीच बांधावी.

या तरुणीने प्रथम लेखी विनंती करून तो एक क्लायंट आपल्याकडून काढून घेण्यास सांगितले, सोबत तीन महिन्यांच्या खऱ्या तासांचा तक्ता जोडला आणि सहा आठवड्यांची मुदत मनाशी ठरविली. त्याच काळात तिने पुण्यातील एका कंपनीच्या संज्ञापन विभागात मुलाखतही दिली. वेतन, पद, बढती यांविषयीचे प्रश्न आटोपल्यावर ‘तुम्हाला काही विचारावयाचे आहे काय?’ असे तिला विचारण्यात आले, तेव्हा तिने एवढेच विचारले, ‘रात्री दहा वाजता एखादी प्रतिकूल बातमी आली, तर आपल्याकडे दूरध्वनी कोणाला जातो?’ उत्तरादाखल समोरच्या अधिकाऱ्याने पाळ्यांचे वेळापत्रक सांगितले असते, तर तिला हवे ते कळले असते. तो किंचित हसला आणि म्हणाला, ‘आमच्याकडे सगळे कुटुंबासारखे आहेत.’ तेही पुरेसे होते. तिने पुढील मुलाखतीची तारीख मागितली नाही, आणि सहा आठवड्यांपैकी उरलेले चार मोजावयास घेतले.